फोटोतला खडा

दुकानाचं शटर आम्ही दोघांनी मिळून खाली ओढलं, ते आमचं एकत्र केलेलं शेवटचं काम. काम तरी कसलं, रोजचंच. शटर उजव्या अंगाला अडकायचं. मी उजवीकडून लाथ घालायचो आणि ती डावीकडून ओढायची. देवळाली कॅम्पात दुपारी एक ते चार बाजार झोपतो, तेव्हा कुत्रंसुद्धा दुकानापुढून जात नाही. कुलूप लावून ती म्हणाली, "चारला येऊन राहिलेले निवडू. पसाभरच उरलेत."

मी म्हटलं, "आणि तुझा प्रोग्रॅम परत पडला तर?"

"पडू द्या. पडला म्हणजे तरी कळतं, खडा कुठल्या ढिगात हाय."

घरी आलो, जेवलो. मेथीची भाजी होती. मी म्हटलं मीठ कमी आहे. ती म्हणाली, वरून घ्या, हात आहेत ना तुम्हाला. मग ती आडवी झाली. चार वाजता मी हाक मारली, "अगं चल." दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय बंद पडलं. दिवेलागणीच्या आत सगळं उरकलं. लेक सिन्नरला दिलेली, ती जावयाच्या मोटारसायकलवर वेळेत पोचली. आम्हाला मुलगा नाही, अग्नी मीच दिला. आळीतल्या बायका म्हणत होत्या, भाग्याची बाई, भरल्या कपाळानं गेली. मला ते भाग्य काही कळलं नाही. मागं राहतो त्याला कोणी विचारत नाही.

आता हे निवडणं म्हणजे काय आणि खडा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. त्यासाठी जरा मागं जातो. मागं जायला मला अलीकडं बरंच वाटतं.

आमचा फोटो स्टुडिओ होता. मी चौथी शिकलेला. दुसऱ्याच्या स्टुडिओत ट्रे धुता धुता धंदा शिकलो आणि नव्वदच्या सुमाराला कॅम्पाच्या बाजारात शिंप्याच्या दुकानाला लागून स्वतःचा टाकला. पुढं काउंटर, मधे बाकडं आणि भिंतीवर एक पडदा. पडद्यावर तळं रंगवलेलं होतं आणि तळ्यात हंस. नाशिकरोडच्या एका पेंटरनं तो हंस काढला होता, पण तो बदकासारखाच दिसायचा. लष्कराच्या छावणीतले जवान त्या बदकापुढं छाती काढून बसायचे. कोण बिहारचा, कोण केरळचा, कोण आपल्या साताऱ्याचा. सगळ्यांचं एकच सांगणं, फोटो आईला पाठवायचा आहे, जरा भरलेला दिसू दे. खिळ्याला एक कोट टांगलेला होता. बारक्याला मोठा व्हायचा, मोठ्याला बारका व्हायचा. मागून पिन लावली की कोणालाही बसायचा.

आणि मागं काळी खोली. तिथं फोटो धुवायचे. लाल बल्ब, ओळीनं मांडलेले ट्रे, फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास. कोरा कागद ट्रेमध्ये टाकला की आधी काहीच दिसत नाही. मग हळूच डोळे येतात, मिशा येतात, टोपी येते. पाण्याच्या तळातून माणूस वर येतोय असं वाटायचं. मी हजारदा पाहिलं असेल, तरी प्रत्येक वेळी बघायचो. ती तर हातातलं काम टाकून यायची.

खरं सांगायचं तर ती दुसऱ्याच कारणानं यायची, आणि मीही दुसऱ्याच कारणानं बोलवायचो. घरी दोन खोल्या. त्यात आई, माझा थोरला भाऊ, वहिनी, त्यांची पोरं आणि आम्ही. नवरा-बायको बोलले तर सगळ्या घराचं ऐकून व्हायचं. आमचा संसार झाला तो त्या काळ्या खोलीत. भांडणं तिथं, रुसवे तिथं, आणि बाकीचंही तिथंच, उगाच कशाला लपवा. बाहेरून कोणी दारावर थाप मारली की ती आतून ओरडायची, "दार उघडू नका, फोटो येतायत!" आत उजेड गेला की कागद जळतो हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. मग कोणाची छाती होते दाराला हात लावायची? एकदा तर ती तसं ओरडली तेव्हा ट्रेमध्ये पाणीसुद्धा नव्हतं. मला हसू आवरेना. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला कायम हायपोचा वास असायचा.

लेक शाळेतून आली की दप्तर मांडीवर घेऊन त्या दाराबाहेर बसायची. तिलाही तेच सांगितलेलं. फोटो येतायत. ती बिचारी कधी दार ढकलायची नाही.

तिचं काम म्हणजे हातकाम. बारीक पेन्सिलीनं आणि ब्रशानं. जवानाच्या गालावरचा फोड घालव, मुलीचा रंग उजळ कर, असलं. पण खरं काम मेलेल्या माणसांचं. आमच्याकडं माणूस गेला की तेराव्याला फोटो लागतो, हार घालायला. आणि गरिबाच्या घरी आईचा एकटीचा फोटो कधीच नसतो. मग लोक लग्नाचा ग्रुप घेऊन धावत यायचे. मागच्या रांगेत कुठंतरी आई असायची, पदर डोळ्यापर्यंत ओढलेला, अर्धी कोणाच्या तरी खांद्यामागं. ही तिला त्या गर्दीतून बाहेर काढायची. आधी मोठी करायची, मग खांदा पुसायचा, पदर जरा मागं सारायचा. पुरुष असेल तर खिळ्यावरचा कोट.

शेवटी कपाळ. नवरा असताना गेलेली असेल तर कुंकू. ते ती सगळ्यात शेवटी लावायची, ब्रश ओठांनी ओला करून. लोक म्हणायचे ठसठशीत लावा, मळवट भरा. ती म्हणायची, "रोज आरशापुढं लावत असेल तेवढंच लावीन. घरच्यांनी ओळखायला नको का?"

एकदा तिनं विचारायचं राहिलं आणि विधवेलाच कुंकू लावून बसली. मुलगी फोटो न्यायला आली आणि बघतच राहिली. ही घाबरली. म्हणाली, "बाई, आत्ता पुसते, दोन मिनिटं बस." मुलगी म्हणाली, "राहू द्या. तिला फार आवडायचं." तो फोटो तसाच गेला.

आमच्या दुकानात तिचा एक कायदा होता. पासपोर्टवाला थांबेल, लग्नवाला थांबेल, साहेबाची बायको थांबेल. तेराव्याचा फोटो थांबणार नाही. "जिवंत माणूस उद्या परत येईल," म्हणायची, "तेरावा उद्यावर जात नाही." आणि आमच्याकडून तेराव्याचा फोटो कधी उशिरा गेला नाही. एकदा तापानं फणफणली होती, तरी नाही.

मग दोन हजार साल उलटलं आणि कॉम्प्युटर आला. नाशकातल्या द्वारका चौकातल्या एका दुकानदारानं जोडून दिला आणि त्यात फोटोचा प्रोग्रॅम घालून दिला. ठेवायचा कुठं? काळी खोली रिकामी पडत चालली होती, तिथं धूळही नव्हती. ट्रे उचलले आणि मशीन तिथं मांडलं. मी म्हटलं, डोळे फुटतील, हे आपल्याला जमायचं नाही. तिनं लेकीकडून बटणांची अक्षरं शिकून घेतली. माझ्यापेक्षा तिचं डोकं बरं, ती सातवी शिकलेली.

मशीन लागलं, पण माझी सवय जाईना. कॅमेऱ्यातले फोटो मशीनमध्ये घ्यायला लावले, पडद्यावर एकेक चौकोन यायला लागले, की मी उठून दार लावायचो आणि दिवा घालवायचो. हसू नका. तीस वर्षं फोटो अंधारात येताना बघितलेत, उजेडात फोटो येतो हे मनाला पटेना. आणि दार लावून आम्ही दोघं बघत बसलो की थोड्या वेळात मशीन गपकन बंद. परत चालू, परत बंद. मी म्हटलं, बघ, फटीतून उजेड येतोय. म्हणून मी दाराच्या फटीत पोतं कोंबलं. त्यानं ते जास्तच लवकर बंद पडायला लागलं.

शेवटी द्वारकेवाला आला. आत शिरला आणि बाहेर पळाला. "काका, ही भट्टी आहे का? मशीन तापून बंद पडतंय. दार उघडं ठेवा!"

"उघडं ठेवलं तर फोटो..."

"काका, फोटोला काही होत नाही. तुम्हालाच काहीतरी होईल."

ही पदर तोंडावर धरून इतकी हसली की खाली बसली. तेव्हापासून दार उघडं आणि मशीनच्या पोटावर टेबलफॅन. आमची काळी खोली उजेडात आली. आता घरीही माणसं कमी झाली होती. आई गेली, भाऊ वेगळा राहायला गेला, लेक सासरी. आता बोलायला काळ्या खोलीची गरजही राहिली नव्हती. पण घरी आम्ही फार बोलायचोच नाही. सगळं बोलणं दुकानात मागच्या खोलीत. तशी सवयच लागली होती.

आता शेवटच्या कामाचं.

सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला जाणारा एक जवळच्या गावातला गडी आला. डोक्याचा गोटा, म्हणजे दहावा झालेला. चुलतभावाच्या लग्नात कोणीतरी डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढले होते, त्यात त्याची आई आहे म्हणाला. दुसरा फोटोच नाही. उद्या तेरावा. मेमरी कार्ड हरवू नये म्हणून त्यानं ते आईच्या मिशरीच्या डबीत घालून आणलं होतं. डबी उघडली तर कार्ड सगळं काळं.

ही म्हणाली, "काय रे बाबा, ह्याला दात घासायचेत का?"

तो ओशाळला. "काकू, तिच्या डबीत ठेवलं. घरात तीच एक वस्तू कधी हरवत नव्हती."

मग ही पदरानं कार्ड पुसत बसली. त्याला म्हणाली, "तू उद्या सकाळी ये. पहिल्या गाडीनं घेऊन जा."

कार्डातले फोटो मशीनमध्ये उतरले. पण प्रोग्रॅममध्ये घ्यायला लागलो की चौकोन भराभर यायचे, निम्म्याच्या पुढं जायचे आणि खिडकीच गुडुप. कुठल्या फोटोवर पडतो ते दिसायच्या आत सगळं गायब. परत केलं, परत तसंच. मी सवयीनं पंख्याकडं पाहिलं.

ती म्हणाली, "ताप नाय हा. तापलं असतं तर मशीन बंद पडलं असतं. मशीन चालू हाय, नुसता प्रोग्रॅम पडतोय."

द्वारकेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, एखादा फोटो खराब असेल, तो आला की प्रोग्रॅम घाबरून बंद होतो, शनिवारी येऊन बघतो. तिनं फोन ठेवला. "शनिवारी. तोवर ह्याची आई थांबणार हाय का?"

"मग एकेक उघडून बघ," मी म्हटलं.

"उघडायला तोच प्रोग्रॅम लागतो. आणि सगळ्या लग्नाचे हायत, संध्याकाळ होईल." मग म्हणाली, "तांदूळ निवडताना आपण काय करतो?"

"आपण नाय. तू."

"बरं, मी. सगळे तांदूळ एकदम निवडते का? थोडे सुपात घेते. ते साफ झाले की परातीत. मग दुसरे."

तिनं मशीनमध्ये दोन कप्पे केले. एकाला इंग्रजी अक्षरांत सूप नाव दिलं, दुसऱ्याला परात. निम्मे फोटो घेतले, प्रोग्रॅममध्ये घातले. सगळे आले, पडला नाही. ते गेले परातीत. म्हणजे खडा दुसऱ्या निम्म्यात. त्याचे परत दोन भाग केले, एक चांगला निघाला, एक पडला. चांगले निघाले की आम्ही दोघं डोकं जवळ घेऊन बघायचो, आई आहे का. त्यानं सांगितलं होतं, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ. हिरवं लुगडं दिसायचं. पण कधी पाठमोरं, कधी पंगतीत वाकून वाढताना, कधी कोणाच्या फेट्यामागं. एका फोटोत नुसता हात, बांगड्या आणि त्यात वरणाची बादली.

ही म्हणाली, "बाई लग्नभर बसलीच नाय बघा."

मी म्हटलं, "तू तरी कधी बसली?"

"मला कोण फोटोत घेतंय. मीच फोटो काढणाऱ्याची बायको." आणि परत निम्मे करायला लागली. तिला मजा येत होती. जिभेचं टोक बाहेर काढून काम करायची, बारीक ब्रश चालवताना काढायची तसं. एक वाजला तेव्हा सुपात पसाभर उरले होते. त्यात खडा होता, आणि आई असली तर त्यातच होती.

तिथं आम्ही शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. उठलो म्हणजे काय, बसलेलाच होतो. जिथं ती गेली तिथं जमिनीवर पीठ पसरून दिवा लावलेला होता आणि त्यावर पाटी पालथी घातली होती, पिठात कसलं पाऊल उमटतं ते बघायला. लेक बाजूला भिंतीला टेकून झोपली होती. मी उपरणं खांद्यावर टाकलं आणि खुंटीवरून दुकानाची किल्ली घेतली. थोरला भाऊ ओसरीवर बसला होता.

"कुठं निघाला?"

"दुकानात."

त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. "अरे, अग्नी दिलेला माणूस तू. दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाय. चूल पेटली नाय घरात, आणि तू दुकान उघडतो?"

"तेराव्याचा फोटो हाय, दादा. गिऱ्हाईक सकाळीच येणार."

"फोटो करायचा तर आधी हिचा कर!"

"हिचा तेरावा अजून लांब हाय," मी म्हटलं. "त्याचा आज हाय."

तो माझ्यापेक्षा मोठा, त्याचा शब्द मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला आणि मला काही वाटलंही नाही.

शटर एकट्यानं उघडेना. शेजारचा शिंपी झाडू मारत होता. त्याला कळलं होतं. त्यानं झाडू टाकला आणि डावीकडून हात लावला. मला त्याचा रागच आला. उगाच आला. ती तिची बाजू होती.

मी मागच्या खोलीत गेलो. पंखा लावला, मशीन लावलं. दार उघडं ठेवलं. तिच्या स्टुलावर बसलो, माझं वेगळं होतं, पण माउस तिच्यापाशी. सूप उघडलं.

माझी बोटं जाड. तिनं झरझर केलं असतं ते मी चाचपडत केलं. निम्मे घेतले, घातले, आले. हिरवं लुगडं एकात होतं, परत पाठमोरं. परातीत टाकले. उरलेल्यांचे निम्मे केले, पडला. परत प्रोग्रॅम लावला. परत निम्मे. असं करत करत दोन फोटो उरले. बाहेर बाजार जागा होत होता, दूधवाल्याच्या किटल्यांचा आवाज येत होता, आणि मला घाम सुटला होता. दोनातला एक खडा. आणि आई दुसऱ्यात नसली तर? ह्याच्या घरी आज हार कशाला घालणार? आणि हिचा कायदा? जन्मभर पाळलेला, तो ती नसताना पहिल्याच दिवशी माझ्या हातून मोडायचा?

एक घेतला, घातला. खिडकी गुडुप.

हाच तो खडा.

दुसरा घेतला.

तो हळदीचा फोटो होता. हिरव्या लुगड्यातली, मोठ्या नथीची आई हातात हळदीचं ताट घेऊन उभी, पदर खांद्यावर घसरलेला, कोणीतरी तिच्याच गालाला हळद फासली होती आणि ती सरळ आमच्याकडं बघून हसत होती. तोंडातले दोन-चार दात पडलेले, तरी हसत होती.

मी ओरडलो, "अगं, सापडली! बसली नाय, पण हसलीय बघ!"

ओरडून झाल्यावर मला कळलं. काल दिवसभर मी रडलो नव्हतो. चिता जळतानासुद्धा नाही. रडू आत्ता आलं.

मग काम केलं. मागची माणसं पुसली. ताट पुसलं. हळद पुसली नाही, ती राहू दिली, असू दे. कपाळ मात्र कॅमेऱ्याच्या उजेडानं पांढरं पडलं होतं, त्यावरचं कुंकू दिसत नव्हतं. गड्याचा बाप जिवंत, म्हणजे कुंकू लागणार. माउसनं कुंकू लावायला मला कधी जमलं नाही, ते तिचं होतं. मी फोटो तसाच छापला, पांढऱ्या कपाळाचा. मग खणातून तिची रंगाची जुनी पेटी काढली. लाल रंगाची वडी वाळून भेगाळली होती. त्यावर पाणी सोडलं. ब्रश ओठांनी ओला केला. ब्रशाची चव तीच, नव्वद सालातली, रंगाची आणि हायपोची. काल आळीतल्या बायकांनी हिच्या कपाळावर नाकापर्यंत मळवट भरला होता. तिला असलं कधीच आवडलं नसतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं. ह्या आईला मी बारीकच लावलं. रोज आरशापुढं लावत असेल तेवढंच.

फ्रेम बसवत होतो तेवढ्यात तो गडी आला. "काका, झाला का? काकू कुठंय?"

"गेली."

"गावाला?"

"नाय. काल दुपारी गेली."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं माझ्या खांद्यावरचं उपरणं पाहिलं, दाढी पाहिली. "आणि तुम्ही... काका, सुतकात दुकान उघडलं?"

"तुझं आज फिटतंय, माझं काल लागलंय. आता तू मला विटाळणार का मी तुला?"

तो हसला. हसताना त्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं, म्हणून मी घाईनं फोटो त्याच्यापुढं धरला. त्यानं गोट्यावरून हात फिरवला आणि किती तरी वेळ बघत राहिला.

"ही हसायची अशी," म्हणाला. "आम्हाला वाटलं होतं कोणी काढलाच नसेल असा." मग म्हणाला, "काकूंनी शोधला?"

"निवडलं तिनंच. शेवटचे पसाभर मी."

तो पाया पडायला वाकला. सुतकात पाया पडत नाहीत हे त्याला वाकल्यावर आठवलं, आणि तो तसाच अर्धा वाकून राहिला, ना खाली ना वर. मी म्हटलं, "जा, गाडी चुकेल. हार ताजा घाल." फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तो पोटाशी धरून स्टँडकडं गेला.

मी मागं आलो. आता घरी जायला हरकत नव्हती. मशीन बंद केलं, पंखा बंद केला. सुपात तो एक खराब फोटो तसाच होता, काढून टाकला नाही. मग माझा हात आपोआप दाराकडं गेला आणि मी दार लावून घेतलं. आतला दिवा घालवला. खूप वर्षांनी ती खोली काळी झाली. हायपोचा वास अजून भिंतीत होता. स्टुलावर बसलो.

थोड्या वेळानं बाहेर पावलं वाजली. लेक होती, मला न्यायला आली असणार. तिनं दारावर हळूच थाप मारली. "बाबा?"

"दार उघडू नको," मी म्हटलं. "फोटो येतायत."

मग दाराला पाठ टेकून ती खाली बसल्याचं मला ऐकू आलं.